स्मिथचा पगार आणि आपली हिशोबपट्टी

साप्ताहिक सदर : फळा ते पडदा

स्मिथ नावाचा एक कारकून आहे. डॅलसच्या ऑफिसात बसतो, पगार 800. त्याच्या वर फोर्ड, फोर्डच्या वर जोन्स आणि सगळ्यांच्या डोक्यावर किंग, पगार 5000. निफाड, येवला, चांदवड तालुक्यांतली जी पोरं आजवर कॉम्प्युटरच्या कोर्सला गेली, त्यांतल्या कितीतरी जणांनी या स्मिथचा पगार कधी ना कधी दहा टक्क्यांनी वाढवला आहे. सबमिशन झालं की टेबल उडवायचं. पुढच्या वर्षी पुढच्या बॅचसमोर स्मिथ पुन्हा 800 वर हजर.

हे ओरॅकल कंपनीचं सरावाचं टेबल. त्याचं लॉगिन स्कॉट आणि पासवर्ड टायगर. स्कॉट हे कंपनीच्या सुरुवातीच्या काळातल्या एका प्रोग्रॅमरचं आडनाव आणि टायगर हे त्याच्या घरातल्या मांजराचं नाव. म्हणजे आपल्याकडच्या एका पिढीने एका अमेरिकन मांजराचं नाव टाइप करून डेटाबेसच्या जगात पाऊल टाकलं. स्मिथवर माझा राग नाही. टेबल चांगलं बेतलेलं आहे. टर्नर नावाच्या सेल्समनचं कमिशन त्यात शून्य आहे आणि स्मिथच्या कमिशनचा रकाना कोरा आहे. शून्य आणि कोरं यांतला फरक सांगायला ही जोडी शिक्षकाला आयतीच मिळते. पण हा फरक किती पोरांच्या डोक्यात शिरला? मी व्हायवा घेत फिरतो, म्हणून विचारतो.

मध्यंतरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बहिःस्थ परीक्षक म्हणून गेलो होतो. लासलगावजवळच्या एका वस्तीवरून येणारी मुलगी समोर बसली. प्रायमरी की म्हणजे काय, विचारलं. तिने इंग्रजीतली व्याख्या पाढ्यासारखी एका दमात म्हणून दाखवली. मग विचारलं, एम्प्लॉयी टेबलात नावालाच प्रायमरी की केलं तर काय बिघडलं? गप्प. खाली मान. शेजारच्या मॅडम मदतीला सरसावल्या, त्यांना मी हातानेच थांबवलं.

“घरी शेती?”

“हो सर, कांदा.”

“घालता कुठे?”

“लासलगावला.”

“मोबाइलमध्ये एखादी हिशोबपट्टी असेल?”

होती. वडिलांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला फोटो. परीक्षेच्या वर्गात मोबाइल काढायला लावणारा परीक्षक तिने पहिल्यांदाच पाहिला असावा.

“यात गाडी नंबर आहे. त्यालाच की धरलं तर?”

ती हसली. “नाही चालणार सर. आमचा ट्रॅक्टर एका दिवसात दोनदा जातो. सकाळी आमचा माल, दुपारी चुलत्यांचा.”

“मग शेतकऱ्याचं नाव?”

“आमच्या वस्तीवरच तीन बाळासाहेब आहेत.”

“नाव आणि तारीख मिळून?”

जरा थांबली. “एकाच माणसाच्या दोन ट्रॉल्या आल्या तर?”

शेवटी पट्टीच्या नंबरावर आलो. मी सुटलो म्हणून वही पुढे ओढली, तर तीच म्हणाली, “पण सर, तो नंबर दर वर्षी एकपासून सुरू होत असेल तर?”

व्याख्या पाठ असून जे पाच मिनिटांपूर्वी सुचत नव्हतं, ते पट्टी हातात येताच सुचलं. मुलगी तीच, विषय तोच. माझं या आठवड्याचं म्हणणं एवढंच आहे की डेटाबेस आणि प्रोग्रॅमिंग शिकवताना आपण क्रम उलटा लावला आहे. आधी व्याख्या, मग सिंटॅक्स, मग परक्या गावचं उदाहरण आणि वेळ उरलाच तर प्रश्न. सुरुवात प्रश्नापासून झाली पाहिजे, आणि तो प्रश्न पोराच्या घरी आधीच पडलेला असला पाहिजे.

ज्यांनी हे शास्त्र उभं केलं त्यांनी तरी वेगळं काय केलं? एडगर कॉड आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत होता. 1970 साली डेटाबेसवरचा त्याचा प्रसिद्ध निबंध छापून आला. माहिती यंत्राच्या पोटात कशी रचली आहे याची चिंता वापरणाऱ्याला करावी लागू नये, हा त्याचा मुख्य मुद्दा. निबंधातली उदाहरणं कसली आहेत? पुरवठादार, सुटे भाग, प्रकल्प. नोकरदार, त्याच्या नोकऱ्यांचा इतिहास, त्याची मुलंबाळं. आयबीएमची यंत्रं जिथे जात होती त्या कारखान्यांचा आणि कचेऱ्यांचा तो रोजचा व्यवहार. कॉडने समोर होता तो माल घेतला. आपण त्याचा विचार घ्यायचा सोडून त्याचा माल उधार आणला.

आपल्या समोरचा माल कोणता, हे लासलगावात सांगायची गरज नाही. 1947 साली सुरू झालेली बाजार समिती, मुख्य आवार आणि निफाड व विंचूर इथले उपबाजार. कांद्याच्या हंगामात आवारात ट्रॅक्टर-पिकअपच्या रांगा लागतात, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकतो, बोली होते, भाव ठरतो, चिठ्ठी हातात पडते. मग भरलेल्या गाडीचं वजन, व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल रिकामा करणं, रिकाम्या गाडीचं वजन, आणि हिशोबपट्टी. या एका फेरीत डेटाबेसच्या पहिल्या सत्राचा निम्मा अभ्यासक्रम येऊन जातो. शेतकरी एक, त्याचे सौदे अनेक. व्यापारी एक, त्याची खरेदी अनेक. व्यापाऱ्याच्या फर्मचा पत्ता प्रत्येक पट्टीवर लिहीत बसलात आणि उद्या फर्मने जागा बदलली, तर किती ओळी दुरुस्त कराल? कुणाचा एकुलता एक सौदा रद्द झाला म्हणून ओळ पुसलीत, तर तो शेतकरीच तुमच्या वहीतून नाहीसा झाला की! नॉर्मलायझेशन हे यावरचंच औषध. पण आधी दुखलं पाहिजे. दुखण्याआधीच औषधाचं नाव पाठ करायला लावलं तर पोरं फक्त परीक्षेपुरती आजारी पडतात.

ट्रान्झॅक्शन शिकवताना सगळी पुस्तकं बँकेच्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे पाठवतात. चांगलं आहे. पण लासलगावच्या पोराला विचारा: भरलेल्या गाडीचं वजन झालं, नोंद झाली, आणि रिकाम्या गाडीचं वजन व्हायच्या आत वीज गेली, आता पट्टी करायची का? तो सांगेल, कशी करणार? एक तर दोन्ही वजनं, नाहीतर पहिली नोंदही रद्द. यालाच कमिट आणि रोलबॅक म्हणतात, एवढंच मग शिक्षकाने सांगायचं उरतं.

पट्टीतले रकानेही गोठलेले नसतात. 2016 च्या जुलैत राज्यात नियम बदलला आणि आडत शेतकऱ्याकडून कापायची बंद होऊन खरेदीदाराच्या माथी गेली. जुन्या पट्टीत जो रकाना होता तो नव्या पट्टीत निरर्थक झाला. आता दहा वर्षांच्या पट्ट्या एका टेबलात कशा बसवायच्या? जुना रकाना काढून टाकायचा, ठेवायचा, की कोरा सोडायचा? वर्गात एक तास यावर भांडण लावून बघा. सॉफ्टवेअर कंपनीत पगार घेणारे लोक आठवडेच्या आठवडे नेमकं हेच करत असतात.

इथे एक सावधगिरीचा इशारा, आणि तो माझ्याच अनुभवातून. हे सगळं सुचल्यावर पहिल्या वर्षी मी काय केलं, तर जुन्या प्रश्नसंचात एम्प्लॉयीच्या जागी शेतकरी, डिपार्टमेंटच्या जागी गाव आणि सॅलरीच्या जागी भाव लिहिला. पोरांनी तेवढ्याच निष्ठेने तेही पाठ केलं. स्मिथला फेटा बांधला म्हणून तो निफाडचा होत नाही. ओळखीचा शब्द आल्याने काही शिकणं होत नाही; ओळखीच्या गोष्टीत आपली चूक आपल्याला दिसते, म्हणून शिकणं होतं. तेव्हा शिक्षकाचं खरं काम चूक दिसेल असा डेटा बेतण्याचं आहे.

उदाहरण घ्या. एका ट्रॉलीत 10 क्विंटल कांदा, भाव 2000. दुसरीत 30 क्विंटल, भाव 1200. सरासरी भाव किती? पोरं एसक्यूएलचं तयार ॲव्हरेज फंक्शन लावतात, उत्तर 1600. एरर नाही, लाल अक्षर नाही, सगळं व्यवस्थित. आता विचारा, 40 क्विंटलला 1600 ने किती झाले? 64000. आणि हातात किती पडले? 20000 आणि 36000, म्हणजे 56000. मधले 8000 कुठे गेले? खरी सरासरी 1400 आहे. स्मिथ आणि किंगच्या पगाराची सरासरी चुकली असती तर वर्गात कुणाची झोप उडाली नसती. इथे मागच्या बाकावरचाही उठून फळ्यापाशी येतो, कारण 8000 रुपये म्हणजे काय हे त्याला माहीत आहे. आणि आजकाल क्वेरी चॅटबॉट क्षणात लिहून देतो, तेव्हा तर हे जास्तच गरजेचं. बिनचूक चालणारी क्वेरी चुकीचं उत्तर देते आहे, हे ओळखणारा माणूस घडवायचा आहे.

शून्य आणि कोरं यांचंही तेच. 20 सप्टेंबर 2023 पासून जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी कांद्याचे लिलाव बंद ठेवले होते. 40 टक्के निर्यातशुल्काविरुद्धचा राग त्यामागे होता. त्या दिवसांत लासलगावचा भाव काय होता? शून्य लिहाल? मग कांदा फुकट गेला असा त्याचा अर्थ होतो आणि महिन्याची सरासरीही कोसळते. भाव शून्य नव्हता, भाव झालाच नाही. मात्र आवक त्या दिवसांत खरोखर शून्य होती. एकाच ओळीत एक रकाना शून्य आणि दुसरा कोरा, आणि दोन्ही बरोबर! नल म्हणजे काय हे टर्नरपेक्षा त्या बंदने जास्त चांगलं समजावलं असतं.

पवईच्या आयआयटीतले प्रा. एस. सुदर्शन यांचं नाव डेटाबेसच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतं. सिल्बरशात्झ आणि कोर्थ यांच्याबरोबर त्यांचं नाव असलेलं पाठ्यपुस्तक जगभर चालतं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्सडेटा नावाची प्रणाली तयार केली. विद्यार्थ्याची क्वेरी कशी कशी चुकू शकते याचा अंदाज घेऊन, चूक उघडी पाडेल असाच डेटा ती बनवते. हजार ओळींचा साळसूद डेटा दिला तर चुकीची क्वेरीही पास होते. पाच ओळींचा डांबरट डेटा तिला पकडतो. आपल्याला लगेच अशी प्रणाली बसवायला नको. कागदावर पाच ओळी लिहा. त्यांत एक शेतकरी असा, ज्याचा एकही सौदा झालेला नाही. दोन ट्रॉल्या अशा, ज्यांना दिवसाचा सर्वांत जास्त भाव सारखाच मिळाला. एक सौदा असा, ज्याचे पैसे आलेलेच नाहीत. आता ‘कुणाचे पैसे यायचे राहिले?’ एवढंच विचारा. हा प्रश्न शेतकऱ्याच्या घरात जेवताना विचारला जातो. साध्या जॉइनने तो पैसे न मिळालेला माणूस यादीतून गायबच होतो, हे एकदा दिसलं की लेफ्ट जॉइन जन्मात विसरत नाही.

घरच्या पट्ट्यांपलीकडेही माल भरपूर पडलेला आहे. राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजचे बाजारभाव असतात: आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. त्यात ‘लासलगाव’, ‘लासलगाव - निफाड’ आणि ‘लासलगाव - विंचूर’ अशा वेगवेगळ्या ओळी येतात. लासलगावची आवक काढा म्हटलं की पहिला वाद इथेच: एक ओळ धरायची की तिन्ही? केंद्राच्या ॲगमार्कनेटवर हीच नावं इंग्रजीत, कंसात. दोन्हीकडचा डेटा जोडायला घेतला की नावं जुळत नाहीत आणि पोरं वैतागतात. वैतागू द्या. 8 डिसेंबर 2023 ला कांद्यावर निर्यातबंदी झाली. तिच्या आधीचे पंधरा दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस यांतल्या भावाचा फरक क्वेरीने काढा, असा गृहपाठ दिला तर उत्तर बघायला घरचेही खुर्ची ओढून बसतील.

प्रोग्रॅमिंगबद्दल थोडक्यात, कारण तिथली गोष्ट फार वेगळी नाही. सी भाषेत पट्टी काढायचा प्रोग्रॅम लिहायला सांगा. निव्वळ वजन 3547 किलो, भाव क्विंटलला 1400. पोरं किलोला शंभरने भागतात आणि पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की सी वरचा अपूर्णांक निमूटपणे टाकून देते. 35 क्विंटल उरले, 47 किलो गेले, म्हणजे 658 रुपये. काट्यावर कुणी एवढा माल मारला तर आवारात दंगा होईल. इथे संगणकाने मारला आणि कुणाला पत्ता नाही. डेटा टाइप या रटाळ प्रकरणाला यापेक्षा चांगली सुरुवात मला तरी सापडलेली नाही.

आणि कृपा करून पहिल्या दिवसापासून कोऱ्या पडद्यासमोर बसवू नका. 2001 साली एकाहून अधिक देशांतल्या विद्यापीठांत मिळून एक पाहणी झाली होती. पहिल्या वर्षाचं प्रोग्रॅमिंग शिकून झालेल्या विद्यार्थ्यांना साधे प्रोग्रॅम लिहायला दिले, तर 110 गुणांपैकी सरासरी 23 सुद्धा भरले नाहीत. तेव्हा निफाडच्या पोरांना नावं ठेवायचं कारण नाही. हे दुखणं जगभरचं आहे. उपायही जुने आणि स्वस्त आहेत. चालू प्रोग्रॅम दाखवा, चालवायच्या आधी काय छापून येईल ते वहीत लिहायला लावा, मग चालवा. अंदाज चुकला की शिकणं सुरू होतं. न्यूझीलंडच्या पार्सन्स आणि हेडन या दोघींनी 2006 मध्ये मांडलेली युक्ती तर वीज नसतानाही चालते: प्रोग्रॅमच्या ओळी कापून पट्ट्या करायच्या, विस्कटायच्या आणि क्रमाने लावायला द्यायच्या. लोडशेडिंगच्या तासाला मी हे केलं आहे. बाकावर पट्ट्या सरकवताना पोरं जेवढी तावातावाने भांडली, तेवढी लॅबमध्ये कधी बोललीसुद्धा नव्हती. एका मशीनवर तिघं बसतात अशी तक्रार सगळीकडे आहे. मशीन वाढवा हे खरंच, पण तोवर निदान एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने पुढची ओळ सांगायची, तिसऱ्याने चूक धरायची आणि दहा मिनिटांनी जागा बदलायच्या, एवढं तरी ठरवा. आज काय होतं? जो हुशार तो टाइप करतो, दुसरा बघतो आणि तिसरा मोबाइलवर असतो. मुलगी असली तर ती हमखास बघणारी.

भाषेचा घोळही आपणच घातला आहे. सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर हे शब्द तसेच राहू देत, त्यांचं मराठी करायच्या फंदात पडू नका. फॉरेन कीला ‘परकीय कळ’ म्हटल्याने पोरांच्या पोटात दुखण्यापलीकडे काही होत नाही. पण कारणमीमांसा मराठीतच झाली पाहिजे. ‘नाव की का नाही?’ याचं उत्तर त्या मुलीने इंग्रजीत द्यायचं ठरवलं असतं तर तिचे तीन बाळासाहेब घशातच राहिले असते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलने प्रोग्रॅमिंगचे छोटे धडे मराठीतही करून ठेवले आहेत, फुकट. किती कॉलेजांत ते लागतात?

आता खरी अडचण. स्लिपा. प्रॅक्टिकल परीक्षेला येणाऱ्या प्रश्नांचा संच आधीच ठाऊक असतो, पोरं उत्तरांसकट तो घोकतात, चिठ्ठी उचलतात आणि ओकून मोकळी होतात. चिठ्ठीतला रकाना जरा बदलला तर हात थबकतो. शिक्षकांना मी दोष देणार नाही. तासिका तत्त्वावर, एका गावातून दुसऱ्या गावाला एसटीने जाऊन शिकवणारा माणूस निकाल लावण्यासाठी स्लिपाच सोडवून घेणार. दोष परीक्षेच्या रचनेत आहे. स्लिप राहू द्या, पण निम्मे गुण अशा प्रश्नाला ठेवा ज्याचा डेटा परीक्षकाने त्याच दिवशी आणला आहे. पाठांतर तिथल्या तिथे गळून पडेल.

“पण सर, पुण्याच्या कंपनीत इंटरव्ह्यूला कांदा विचारणार आहेत का?” हा प्रश्न मला पालक विचारतात, विद्यार्थी विचारतात आणि सहकारी तर हसून विचारतात. नाही विचारणार. तिथे स्मिथच विचारतील. ज्याला तीन बाळासाहेब वेगळे काढता येतात त्याला एक स्मिथ जड नाही. उलट्या क्रमाने शिकलेल्या पोरांचे हाल मी टेबलाच्या पलीकडे बसून बघतो आहे.

येत्या सत्रात निफाड तालुक्यातल्या ज्या शिक्षकांना हे करून बघायचं असेल त्यांनी पट्ट्या मागवताना नावं, मोबाइल नंबर आणि खाते क्रमांक आधी झाकून घ्यावेत. दुसऱ्याचा हिशोब फळ्यावर मांडायचा नसतो. आणि वाचकांकडे एक मागणं. माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यात जुन्या हिशोबपट्ट्या असतील तर रद्दीत घालू नका. जवळच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या सरांना किंवा मॅडमना नेऊन द्या. 2016 आधीची, आडत कापलेली पट्टी असेल तर फारच बरं.